रविवारचे रोस्ट आणि आठवड्याचा हिशेब

रविवारी दुपारी भाजलेल्या मांसाचे जेवण ही इंग्लंडमधली जुनी चाल आहे. गोमांसाचा पाठीकडचा मोठा तुकडा, मेंढ्याची मांडी किंवा डुकराचा खांदा अख्खा भाजायचा, घरातल्या कर्त्या पुरुषाने तो टेबलावर कापायचा आणि बटाटे, भाजी व ग्रेव्हीबरोबर सर्वांनी खायचा, हा त्या जेवणाचा दिसणारा भाग. न दिसणारा भाग सोमवारी सुरू होई. दोन-तीन किलोंचा तुकडा एका बैठकीत संपावा म्हणून कोणी घेत नसे. तो उरावा आणि उरलेल्यात पुढचे तीन-चार दिवस निघावेत, हा हिशेब खाटकाच्या दुकानातच झालेला असे.

हॅश, शेफर्ड्स पाय, बबल अँड स्क्वीक, रिसोल आणि थंड मटणाची करी हे पदार्थ त्या हिशेबातून जन्मले. चुलीची घडण, धुण्याचा दिवस, मांसाचा भाव, हिंदुस्थानातून गेलेले मसाले आणि महायुद्धातले रेशन या सगळ्यांच्या खुणा त्यांच्या कृतींत सापडतात. आज यांतले बहुतेक पदार्थ ताज्या मांसाचे केले जातात. उरलेले संपवण्याची गरज सरली, पदार्थ मात्र राहिले.

मोठा तुकडाच का?

अठराव्या शतकापर्यंत भाजणे म्हणजे उघड्या आगीसमोर लोखंडी सळीवर मांस फिरवत ठेवणे. या पद्धतीत लहान तुकडा आतून शिजेपर्यंत बाहेरून वाळून जातो. रसदार भाजणी हवी तर तुकडा जाड आणि वजनदार लागतो. सळी सतत फिरवावी लागे. मोठ्या घरांत आधी हे काम पोऱ्यांकडे असे. पुढे भिंतीवरच्या चाकात पळणारे आखूड पायांचे कुत्रे आले, धुराड्यातून वर जाणाऱ्या गरम हवेवर फिरणारी चक्रे आली आणि घड्याळासारखी चावी द्यायची यंत्रेही आली. एवढी आग आणि एवढे मनुष्यबळ लागत असल्यामुळे भाजणीचा घाट रोज घालणे बहुतेकांना परवडत नसे.

मांसाखाली ठेवलेल्या परातीत चरबी आणि रस ठिबकत असे. त्या चरबीत पिठाचे पातळ मिश्रण ओतून केलेल्या पुडिंगची कृती १७३७ मध्ये छापली गेली. हॅना ग्लास यांनी १७४७ च्या ‘द आर्ट ऑफ कुकरी’ या पुस्तकात त्याला यॉर्कशायर पुडिंग म्हटले. अनेक घरांत हे पुडिंग ग्रेव्हीबरोबर मांसाच्या आधी वाढले जाई. पोट अर्धे भरले की मांस कमी लागे आणि जे कमी लागे ते सोमवारसाठी राही.

ज्यांच्या घरी एवढी चूल नव्हती त्यांना पाववाल्याच्या भट्टीचा आधार होता. रविवारी पावाचे काम बंद असले तरी भट्टी गरम असे. शेजारपाजारची कुटुंबे थोडे पैसे देऊन बटाट्यांवर मांस ठेवलेली आपली परात तिथे लावत आणि प्रार्थना आटोपल्यावर घरी नेत. चार्ल्स डिकन्स यांच्या १८४३ च्या ‘अ ख्रिसमस कॅरल’मध्ये जेवणाची भांडी घेऊन पाववाल्याकडे निघालेले गरीब लोक दिसतात. १८०२ मध्ये एक्झेटरच्या जॉर्ज बॉडली यांनी बंद लोखंडी चुलीचे पेटंट घेतले. एकोणिसाव्या शतकात अशा चुली मध्यमवर्गीय घरांत पोहोचल्या आणि भाजणी सळीवरून चुलीच्या पोटातल्या कप्प्यात गेली. शतकाच्या अखेरीस गॅसच्या शेगड्या आणि नाणे टाकून चालणारे मीटर आल्यावर कामगार कुटुंबांनाही घरी भाजता येऊ लागले.

खरेदीची वेळही ठरलेली असे. बर्फाची सोय नसलेल्या खाटकाला शनिवारचा माल सोमवारपर्यंत टिकवणे कठीण जाई. त्यामुळे शनिवारी रात्री उशिरा गॅसच्या दिव्यांखाली भाव खाली येत. आठवड्याचा पगार हातात पडलेली कुटुंबे त्याच वेळी बाजारात उतरत. बेताच्या मिळकतीत रविवारी मोठा तुकडा दिसे, त्यामागे या रात्रीच्या घासाघिशीचा वाटा मोठा होता.

सोमवार : धुणे आणि थंड मांस

इंग्रजी घरात सोमवार हा धुण्याचा दिवस. भल्या पहाटे पाण्याच्या मोठ्या भांड्याखाली जाळ लागे. कपडे उकळणे, घासणे, खळबळणे, पिळणे आणि वाळत घालणे यात घरातल्या बायकांचा दिवस जाई. चूल पाण्यासाठी अडकलेली आणि हात साबणात, अशा स्थितीत स्वयंपाक होणे शक्य नव्हते. म्हणून सोमवारी आदल्या दिवशीचे मांस थंडच कापून खाल्ले जाई. ही रीत रविवारच्या रोस्टइतकीच जुनी असावी. लंडनच्या सॅम्युअल पीप्स यांनी १६६६ सालच्या रोजनिशीत, धुण्याचा दिवस असल्यामुळे घरी थंड मांसावर भागवल्याची नोंद केली आहे.

थंड मांस अळणी लागते. गार झाल्यावर चरबी थिजते, वास मंदावतो आणि ग्रेव्हीही नसते. ही उणीव बाटल्या-बरण्यांनी भरून काढली. मोहरी, मुळ्याच्या जातीचे झणझणीत हॉर्सरॅडिश आणि अळंब्यांचे केचप आधीपासून होते. अठराव्या शतकात त्यांत हिंदुस्थानी लोणच्याच्या नकला येऊन मिसळल्या. ग्लास यांच्या पुस्तकाच्या १७५८ च्या आवृत्तीत ‘इंडिया पिकल’ची कृती आहे. हळद-मोहरीने पिवळे झालेले पिकॅलिली हे भाज्यांचे लोणचे त्याच घराण्यातले. फळांच्या गोड चटण्या आणि १८३७ मध्ये बाजारात आलेला ली अँड पेरिन्सचा वूस्टरशायर सॉस यांनाही थंड मांसाने कायमचे गिऱ्हाईक मिळवून दिले. कैऱ्यांच्या आणि आंब्यांच्या चटण्या बोटींनी इंग्लंडला जात, त्याही या सोमवारच्या टेबलावर येत.

मंगळवारपासूनचे पदार्थ

मंगळवारी चूल मोकळी होई आणि मांस पुन्हा गरम करण्याचा प्रश्न उभा राही. एकदा भाजलेल्या मांसातले स्नायूंचे तंतू आकसलेले असतात आणि त्यांतले बरेचसे पाणी निघून गेलेले असते. त्याला पुन्हा कडक आच दिली तर उरलेले पाणीही जाते आणि मांस चामट होते. दुसरी अडचण वासाची. शिजवलेल्या मांसातल्या चरबीचा हवेशी संयोग होऊन दुसऱ्या दिवशी तिला शिळकट, पुठ्ठ्यासारखा वास येऊ लागतो. ही रासायनिक क्रिया विसाव्या शतकात उलगडली, पण तिच्यावरचे उपाय स्वयंपाकघरात फार आधी ठरले होते. मांस बारीक करायचे, त्याला रस द्यायचा, मंद आचेवर फक्त गरम करायचे आणि कांदा-मसाल्याचा जोर चढवायचा, हे ते उपाय. उरलेल्या मांसाचे जवळपास सर्व इंग्रजी पदार्थ यांतल्या एक-दोन उपायांवर उभे आहेत.

हॅश हा त्यांतला सर्वांत जुना. मांसाचे पातळ काप काढून बाजूला ठेवायचे. हाडे आणि कडेचे तुकडे कांदा, मिरी आणि सुगंधी पाल्याबरोबर उकळून रस काढायचा. तो लोण्यात परतलेल्या पिठाने दाट करायचा, त्यात अळंब्यांचे केचप किंवा थोडी वाइन घालायची आणि शेवटी काप सोडून ते गरम होईपर्यंतच ठेवायचे. रस्सा उकळू द्यायचा नाही, अशी ताकीद एकोणिसाव्या शतकातल्या पाकपुस्तकांत वारंवार येते. भाजलेल्या पावाचे त्रिकोणी तुकडे भोवती लावून हॅश वाढले जाई. पाव रस शोषून घेई आणि थोडे मांस जास्त माणसांना पुरे.

बटाटा स्वस्त आणि सार्वत्रिक झाल्यावर दुसरे घराणे तयार झाले. मरिया रंडेल यांच्या १८०६ च्या ‘अ न्यू सिस्टिम ऑफ डोमेस्टिक कुकरी’ या पुस्तकात ‘सँडर्स’ नावाचा पदार्थ आहे. गोमांस किंवा मटण कांद्याबरोबर बारीक चिरून, थोडी ग्रेव्ही घालून बशांत किंवा शिंपल्यांत भरायचे, वर साय घालून कुस्करलेला बटाटा पसरायचा आणि लोण्याचा गोळा ठेवून तांबूस करायचे, अशी त्याची कृती. पुढच्या काळातल्या शेफर्ड्स पायचा हा लहान अवतार म्हणता येतो. कॉटेज पाय हे नाव त्याहून जुने आहे. नॉरफोकचे पाद्री जेम्स वुडफोर्ड यांच्या १७९१ च्या रोजनिशीत ते येते. शेफर्ड्स पाय हे नाव एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर स्कॉटलंडमधल्या पाकपुस्तकांत दिसू लागते. तिथे कोणतेही शिजलेले मांस चालते. मेंढीचे असेल तर शेफर्ड्स आणि गोमांसाचे असेल तर कॉटेज, हा काटेकोर भेद नंतरचा आहे.

या पायची युक्ती बटाट्याच्या थरात आहे. खाली कांद्याबरोबर परतून ग्रेव्हीत ओले केलेले मांस असते. वर दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा कुस्करलेला बटाटा झाकणासारखा बसतो. त्यामुळे भट्टीतली आच मांसाला थेट लागत नाही आणि वाफ आत कोंडते. बटाट्यावर काट्याने रेघा ओढायची पद्धत आहे. रेघांचे उंचवटे आधी तांबूस होऊन कुरकुरीत होतात, खोलगट भाग मऊ राहतो. फ्रान्समध्ये याच धर्तीचा ‘आशी पारमाँतिए’ हा पदार्थ आहे. बटाट्याचा प्रचार करणारे औषधशास्त्रज्ञ आंत्वान पारमाँतिए (१७३७–१८१३) यांचे नाव त्याला दिले आहे. त्यात बहुधा मोठ्या भांड्यात उकडलेल्या गोमांसाची शिल्लक वापरली जाई.

बबल अँड स्क्वीक म्हणजे कोबी आणि बटाट्याची परतलेली थापी, अशी आजची समजूत आहे. मूळ पदार्थ मांसाचा. रंडेल यांच्या कृतीत उकडून चिरलेला कोबी लोण्यात परततात आणि त्यावर आतून लालसर राहिलेल्या गोमांसाचे काप हलके तळून ठेवतात. बटाट्याचा शिरकाव पुढे झाला आणि मांसटंचाईच्या काळात मांस हळूहळू गळाले.

रिसोल आणि क्रोकेट यांत बारीक मांस दाट सॉसमध्ये बांधून, अंडे आणि पावाच्या चुऱ्यात घोळवून तळतात. बाहेरचा कुरकुरीत थर आतला ओलावा धरून ठेवतो. टिकवण्यासाठी खलात कुटलेले मांस लोणी, जायपत्री आणि मिरीबरोबर कालवून बरणीत दाबत आणि वर वितळलेल्या लोण्याचा थर ओतून हवा बंद करत. हे ‘पॉटेड’ मांस न्याहारीला पावावर लावायचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाताने फिरवायचे खिमायंत्र घरोघर आले. सुरीने अर्धा तास बारीक चिरायचे काम काही मिनिटांत होऊ लागल्यावर पाय आणि रिसोल हे आठवड्याचे नेहमीचे पदार्थ झाले. शेवटी हाडांचे सूप होई, आणि परातीतली थिजलेली चरबी पावावर मीठ भुरभुरून खाल्ली जाई. कामगार वस्त्यांत ही चरबी मुलांच्या न्याहारीचा नेहमीचा भाग होती.

बीटन बाईंची वेळापत्रके

व्हिक्टोरियाकालीन मध्यमवर्गाने या काटकसरीला शिस्तीचे रूप दिले. इझाबेला बीटन यांचे ‘बुक ऑफ हाउसहोल्ड मॅनेजमेंट’ १८६१ मध्ये पुस्तकरूपाने आले आणि पहिल्याच वर्षी त्याच्या साठ हजार प्रती खपल्या. त्यातल्या अनेक कृतींच्या मथळ्यापुढे ‘कोल्ड मीट कुकरी’ असा शेरा आहे. शिल्लक मांसाच्या कृती कोणत्या, हे गृहिणीला पाने चाळताच कळावे यासाठी ती सोय होती. महिनावार दिलेल्या साध्या घरगुती जेवणांच्या याद्या वाचल्या की रविवारचा तुकडा सोमवारी थंड येतो आणि मंगळवारी हॅश किंवा करी होतो, ही साखळी स्पष्ट दिसते. त्याच वर्षी रॉबर्ट केम्प फिल्प यांचे ‘द फॅमिली सेव्ह-ऑल’ हे पुस्तक निघाले. ते सबंध पुस्तकच उरलेल्या अन्नाचे नवे पदार्थ करण्यावर होते. शिल्लक अन्नाचे व्यवस्थापन हे एव्हाना स्वतंत्र विद्येच्या दर्जाला पोहोचले होते.

घरच्या उरलेल्यावर हक्क कोणाचा, हेही ठरलेले असे. नोकर ठेवणाऱ्या घरांत मालकीण सकाळी स्वयंपाकघरात जाऊन कपाटातला तुकडा पाही आणि टेबलावर काय जाईल व नोकरांना काय मिळेल ते ठरवी. गरीब घरांत वाटणी अधिक कठोर होती. लंडनच्या लॅम्बेथ भागातल्या मजूर कुटुंबांची पाहणी करून मॉड पेंबर रीव्ह्ज यांनी १९१३ मध्ये ‘राउंड अबाउट अ पाउंड अ वीक’ हे पुस्तक लिहिले. आठवड्याला सुमारे एक पाउंड मिळकत असलेल्या त्या घरांत मांस रविवारी सर्वांच्या ताटात येई. पुढच्या दिवसांतला उरलेला वाटा कमावत्या पुरुषासाठी राखला जाई. बायका आणि मुले ग्रेव्ही, बटाटे आणि पाव यांवर भागवत.

करीचा मार्ग

थंड मांसाला हिंदुस्थानी मसाल्याचा उपाय लवकर सापडला. ग्लास यांनी १७४७ मध्ये छापलेली करी ताज्या मांसाची होती. १७८४ मध्ये लंडनच्या पिकॅडिली भागातल्या एका सुगंधी वस्तूंच्या दुकानाने तयार करी पावडरीची जाहिरात केली. पुढच्या काही दशकांत ही पावडर वाण्याच्या दुकानात सहज मिळू लागली आणि करी हा मध्यमवर्गाचा घरगुती पदार्थ झाला. त्यात बहुतेक वेळा रविवारची शिल्लक असे. बीटन यांच्या थंड मटणाच्या करीत कांदे लोण्यात परततात, करी पावडर आणि पीठ घालतात, थोडा मांसाचा रस किंवा पाणी ओतून मटणाचे काप त्यात मंद शिजवतात आणि भोवती भाताचे कडे करून वाढतात. ही रचना हॅशचीच आहे. दाटपणा पिठाचा, ओलावा हाडांच्या रसाचा, आणि केचपच्या जागी हळद-धण्यांची पावडर. मसाला ताजा वाटून तेलात परतण्याची हिंदुस्थानी पद्धत त्यात नाही. शिळकट वास झाकण्याचे काम मात्र ही पावडर उत्तम करी. आंबटगोड चवीसाठी सफरचंद आणि बेदाणे घालण्याची इंग्रजी सवयही अशा घरगुती करीत रुजली.

खुद्द हिंदुस्थानात गोऱ्या साहेबांच्या घरी प्रश्न उलटा होता. तिथे मांस आठवडाभर टिकवणे शक्यच नव्हते. आडगावच्या छावण्यांत काही कुटुंबे मिळून ‘मटण क्लब’ चालवत. मेंढ्यांचा कळप सामाईक पाळायचा आणि कापलेल्या जनावराचे भाग पाळीपाळीने वाटून घ्यायचे. रात्री भाजलेले मटण जाळीच्या कपाटात ठेवत आणि मुंग्या चढू नयेत म्हणून कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत उभे करत. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते संपवावे लागे. या घाईतून जालफ्रेझी आली. थंड भाजलेल्या मटणाचे तुकडे भरपूर कांदा आणि हिरव्या मिरच्यांबरोबर तुपात किंवा तेलात चटकन परतायचे, रस्सा ठेवायचा नाही. कलकत्त्याच्या आणि मद्रासच्या अँग्लो-इंडियन घरांत ती नित्याची झाली. त्याच घरांत खिमा भरलेले बटाट्याचे चॉप्स आणि पातळ धिरड्यात खिमा गुंडाळून पावाच्या चुऱ्यात तळलेली पँटरास रूढ झाली. आर्थर केनी-हर्बर्ट या मद्रासच्या लष्करी अधिकाऱ्याने ‘वायव्हर्न’ या टोपणनावाने १८७८ मध्ये ‘कलिनरी जॉटिंग्ज फॉर मद्रास’ हे पुस्तक काढले. त्यात उरलेले मांस पुन्हा नीटनेटके वाढण्याला वेगळे प्रकरण आहे.

गोव्यात हाच व्यवहार पोर्तुगीज वळणाने झाला. कॅथलिक घरांतले रोस्ट भट्टीतले नसून बहुधा जाड बुडाच्या भांड्यात व्हिनेगर, लसूण, मिरी आणि दालचिनी-लवंगांबरोबर शिजवून तांबूस केलेले असते. नाताळ किंवा फेस्ताच्या दुसऱ्या दिवशी त्याचे काप कांदा, टोमॅटो आणि हिरव्या मिरचीबरोबर परतून चिली फ्राय करतात आणि ते पावाबरोबर खातात. पोर्तुगालमध्ये शिल्लक मांसापासून केली जाणारी क्रोकेट्स गोव्यात लग्नसमारंभाचा मानाचा पदार्थ झाली. शिजवलेले मांस वाटून, मसाला घालून, बोटाएवढ्या वळ्या करून रव्यात किंवा पावाच्या चुऱ्यात घोळवून ती तळतात. गोव्याचे ख्रिस्ती स्वयंपाकी मुंबईतल्या क्लबांत, बोटींवर आणि युरोपीय घरांत कामाला असत. त्यांच्या हातून कटलेट, चॉप आणि चिली फ्राय मुंबईच्या खाण्याच्या दुकानांपर्यंत पोहोचले.

महाराष्ट्रातल्या फोडणीच्या भाताशी आणि फोडणीच्या पोळीशी या पदार्थांचे नाते लगेच जाणवते, पण एक फरक महत्त्वाचा आहे. भात किंवा पोळी अंदाज चुकल्यामुळे उरते. इंग्रजी रोस्ट उरवले जाई.

बोटीने आलेले मांस आणि रेशनचे कार्ड

१८८० च्या फेब्रुवारीत ‘स्ट्रॅथलेव्हन’ ही बोट ऑस्ट्रेलियातून सुमारे चाळीस टन गोठवलेले मांस घेऊन लंडनला लागली. १८८२ मध्ये ‘डनेडिन’ हे जहाज न्यूझीलंडहून सुमारे पाच हजार मेंढ्या घेऊन आले. पुढच्या वीस वर्षांत न्यूझीलंडचे मेंढीचे मांस आणि अर्जेंटिनाचे गोमांस देशी मालापेक्षा बरेच स्वस्तात मिळू लागले. रविवारचा मोठा तुकडा कामगारवर्गाच्या खऱ्या अर्थाने आवाक्यात आला तो या काळात. त्याबरोबर सोमवारचे थंड मांस आणि मंगळवारचा पाय हे क्रमही खालच्या थरांत पसरले.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, ब्रिटनमध्ये मांसावर रेशन आले. दुसऱ्या महायुद्धात ते ११ मार्च १९४० पासून लागू झाले. इतर जिनसांप्रमाणे वजन न ठरवता माणशी किमतीची मर्यादा ठरवली गेली. सुरुवातीला आठवड्याला १ शिलिंग १० पेन्स, आणि युद्धाचा बराच काळ सुमारे १ शिलिंग २ पेन्स. एवढ्या पैशात उत्तम तुकडा घेतला तर दोन घास, हलका घेतला तर चार. कुटुंबातली सगळी कार्डे एकत्र करून रविवारी लहानसे रोस्ट करायचे आणि बाकी आठवडा त्याच्या शिलकीवर ओढायचा, असा मार्ग बहुतेकांनी काढला. १९४० मध्येच अन्न वाया घालवणे हा कायद्याने गुन्हा ठरवण्यात आला. लॉर्ड वूल्टन यांच्या अन्नमंत्रालयाने पत्रके काढली. बीबीसीवर रोज सकाळी सव्वाआठला ‘द किचन फ्रंट’ हा कार्यक्रम लागे आणि बाजारहाटाला निघण्यापूर्वी बायका तो ऐकत. पायमध्ये मांस कमी आणि गाजर, सलगम व ओट जास्त, रिसोलमध्ये पावाचा चुरा अर्ध्याहून अधिक, हे या काळाचे वळण. युद्ध संपूनही मांसाचे रेशन टिकले. ते ४ जुलै १९५४ रोजी उठले.

फ्रिज आणि उलटलेला क्रम

रेशन उठल्यानंतरच्या दोन दशकांत चार गोष्टी बदलल्या. घरोघर फ्रिज आले, त्यामुळे मांस मोठ्या तुकड्यात एकदाच भाजून टिकवण्याचे कारण उरले नाही. धुलाईयंत्रांनी सोमवार मोकळा केला. सुपरमार्केटात कच्चा खिमा लहान पाकिटांत मिळू लागला आणि रविवारच्या टेबलावर गोमांसाऐवजी स्वस्त झालेली कोंबडी आली. चौघांच्या कुटुंबात एका कोंबडीतून फारसे काही उरत नाही.

या बदलानंतर जुने पदार्थ मागे पडतील असे वाटण्यासारखे होते, पण त्यांनी आपला आधारच बदलला. शेफर्ड्स पाय शाळांच्या जेवणात, पबमध्ये आणि गोठवलेल्या तयार जेवणांच्या पाकिटांत गेला. या सर्व ठिकाणी तो कच्च्या खिम्याचा होतो. लंडनच्या ‘द आयव्ही’ या महागड्या रेस्टॉरंटची ओळख बनलेल्या पदार्थांत तो आहे. जालफ्रेझीचेही तसेच झाले. ब्रिटनमधल्या हिंदुस्थानी आणि बांगलादेशी रेस्टॉरंटांच्या यादीत ती आज मानाच्या जागी असते, पण तिथली कोंबडी ताजी असते आणि सॉसही ठेवतात. १९५३ मध्ये एलिझाबेथ दुसरी यांच्या राज्याभिषेकाच्या मेजवानीसाठी रोझमेरी ह्यूम आणि कॉन्स्टन्स स्प्राय यांच्या लंडनमधल्या पाकशाळेने थंड कोंबडी सौम्य करीच्या मेयॉनेजमध्ये घालून कोरोनेशन चिकन तयार केले. त्याचा प्रवास नेमका उलट झाला. राज्याभिषेकासाठी केलेला हा पदार्थ घरात येऊन नाताळच्या टर्कीची शिल्लक संपवण्याचा हमखास मार्ग बनला. टर्की एवढी मोठी असते की तिच्याबाबतीत जुना हिशेब अजून लागू पडतो, आणि २६ डिसेंबरची टर्की करी आजही अनेक ब्रिटिश घरांत होते.

शिलकीच्या सुरक्षिततेचे नियमही याच काळात शास्त्राने घालून दिले. भाजलेल्या मोठ्या तुकड्याचा गाभा फार सावकाश गार होतो. क्लोस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स या जिवाणूची बीजे शिजवूनही मरत नाहीत आणि त्यांतून उगवलेले जिवाणू त्या कोमट मधल्या काळात झपाट्याने वाढतात. सामुदायिक जेवणांतल्या अनेक विषबाधांमागे हेच कारण असते. म्हणून आता तुकडा कापून, उथळ भांड्यात पसरून, एक-दोन तासांच्या आत गार करून फ्रिजमध्ये ठेवावा, दोन दिवसांत संपवावा आणि एकदाच, वाफा येईपर्यंत पूर्ण गरम करावा, असे ब्रिटनमधल्या अन्नसुरक्षा यंत्रणा सांगतात. रस्सा उकळू न देण्याची जुनी ताकीद मांस मऊ राहावे यासाठी होती. नव्या नियमात गाभ्याला ७० अंश सेल्सियस तापमान दोन मिनिटे मिळावे लागते. दोन्ही साधायचे तर मांस बारीक करून रसात गरम करावे लागते, आणि हॅश, पाय व करी यांची मूळ घडण तीच आहे.

एकविसाव्या शतकात अन्नाची नासाडी हा सार्वजनिक प्रश्न झाल्यावर शिल्लक मांसाच्या कृतींना पुन्हा मागणी आली. ब्रिटनमध्ये २००७ पासून ‘लव्ह फूड हेट वेस्ट’ या मोहिमेने त्या नव्याने लोकांपुढे ठेवल्या. त्यांतल्या अनेक कृतींची घडण रंडेल आणि बीटन यांच्या पुस्तकांतल्या नमुन्यांसारखीच आहे. गोवा-मुंबईच्या ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन घरांत ही परंपरा मोहिमेविना चालू राहिली आहे, कारण तिथे सणाला अख्खा तुकडा शिजवण्याची रीत मोडलेली नाही.